टी-शर्टवरचा पाब्लो

पाब्लो एस्कोबारच्या चेहऱ्याचा टी-शर्ट तुमच्याही कॉलेजात कुणीतरी घालत असेल. 'नार्कोस' बघून झाली की तो भारीच वाटतो. मेडेलिनमधला भुरटा तस्कर कोकेनच्या पैशावर गरिबांना घरं बांधून देतो आणि १९८२ मध्ये चक्क कोलंबियाच्या संसदेत पर्यायी सदस्य होतो!

पण गिलेर्मो कानो हे नाव ऐकलंय? 'एल एस्पेक्तादोर' दैनिकाचे संपादक. पाब्लोला १९७६ मध्ये ड्रग्जप्रकरणी अटक झाली होती. ती जुनी बातमी त्यांच्या पेपरने १९८३ मध्ये शोधून पुन्हा छापली. बस्स, पाब्लोचं राजकारण संपलं. १७ डिसेंबर १९८६ ला ऑफिसातून निघालेल्या कानोंवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९८९ मध्ये पेपरच्या इमारतीबाहेर बॉम्ब फुटला. त्याच वर्षी आव्हियांकाचं विमान बॉम्बने पाडलं, आतले १०७ जण गेले. ज्या नेत्याला मारायचं होतं, तो विमानात नव्हताच.

हे आपण 'प्लॉट ट्विस्ट' म्हणून बघतो.

मेडेलिनकर तसं बघत नाहीत. पाब्लोच्या 'मोनाको' इमारतीपुढे पर्यटक फोटो काढायचे. शहराने ती २०१९ मध्ये पाडली आणि तिथे बळींचं स्मारक उभारलं.