झीज म्हणू नका

मंडळी, जन्मभर मराठी शिकवल्यामुळे माझी भांडणं बहुतेक शब्दांशीच होतात. आजचं भांडण दोन अक्षरी शब्दाशी आहे : झीज.

आमच्या वयाच्या चार बायका कुठेही जमल्या, बारसं असो नाहीतर तेरावं, की पाचव्या मिनिटाला विषय गुडघ्यांवर येतो आणि सहाव्या मिनिटाला हा शब्द. "डॉक्टर म्हणाले, झीज झालीय." बस्स, विषय संपला! पुढे कुणी काही विचारत नाही. कारण मराठी माणसाला 'झिजणं' चांगलंच ठाऊक आहे. चपला झिजतात, सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात, चंदन झिजतं. आणि घरातली बाई संसारासाठी झिजते. हे शेवटचं तर आपण कौतुकाने म्हणतो. मग गुडघे दुखू लागले की तिलाही वाटतं, आयुष्यभर खस्ता खाल्ल्या, झिजणारच की! दुखणं राहतं बाजूला, ते जणू कष्टांचं प्रशस्तिपत्रक होऊन बसतं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार जास्त आढळतो, तेव्हा हे प्रशस्तिपत्रक कुणाच्या गळ्यात पडतं ते सांगायला नको.

शब्दाचा खोडसाळपणा इथेच थांबत नाही. झिजणाऱ्या वस्तूचं आपण काय करतो? जपून वापरतो. पेन्सिल पुरवून वापरा, हे मीच वर्गात हजारदा सांगितलं असेल. तेच गणित आपण गुडघ्याला लावतो. जितकं कमी चालू तितका गुडघा जास्त पुरेल! मुलं-सुना प्रेमाने म्हणतात, "आई, तू बस, आम्ही आहोत ना." आमच्या शेजारच्या वहिनींनी असंच आधी देवळात जाणं सोडलं, मग भाजी आणणं, मग जिना. दोन वर्षांत मांड्या काडीसारख्या झाल्या, वजन वाढलं आणि गुडघे पहिल्यापेक्षा जास्त दुखू लागले. त्यावर सगळ्यांचं मत काय? झीज वाढली!

मेलबर्नमध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रुग्णांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या गेल्या. २०१९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या लोकांच्याही डोक्यात हेच पक्कं बसलेलं : हाडावर हाड घासतंय, व्यायाम केला तर आणखी खराब होईल, आता शस्त्रक्रियेशिवाय गत नाही. म्हणजे हा रोग एकट्या मराठीचा नाही. पण आपल्या भाषेत तो जरा जास्तच मुरलाय.

आता गुडघ्यात खरं काय असतं ते पाहू. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते, तिला शास्त्रात कूर्चा म्हणतात. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. मग ती जगते कशावर? सांध्यातल्या द्रवावर. पाऊल टाकलं की गादी दाबली जाते, उचललं की सैलावते, आणि या दाबण्या-सैलावण्यातून पोषण आत शिरतं. भांडी घासायच्या स्पंजचा नमुना डोळ्यांपुढे आणा. म्हणजे चालणं हे त्या गादीचं जेवण आहे! आणि आपण जपणुकीच्या नावाखाली तिला उपाशी ठेवतो. चप्पल वापरल्याने फक्त झिजते, स्वतःला सांधत नाही. गुडघा मात्र जिवंत आहे. एक्स-रेवर कडेला हाडाचे जे काटे दिसतात, ज्यांच्या नावानेच लोक घाबरतात, तेसुद्धा शरीराने सांधा सावरण्यासाठी केलेल्या खटपटीतून आलेले असतात. या आजारात गादी पातळ होते, हे मी नाकारत नाही. पण तिच्याबरोबर हाड बदलतं, सांध्याचं अस्तर मंद सुजतं, स्नायू दुबळे होतात. सबंध सांधाच बिघडलेला असतो, आणि दुखतं ते हाड, अस्तर वगैरेंमुळे. गादीला तर मज्जातंतूच नाहीत, ती कशी दुखेल?

वापरून झिजतं हे खरं असतं, तर धावणाऱ्यांचे गुडघे आधी गेले असते. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्क्यांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा हा आजार होता, आणि बैठं आयुष्य काढणाऱ्यांपैकी १०.२ टक्क्यांना. (स्पर्धांसाठी जिवापाड धावणाऱ्यांत मात्र १३.३ टक्के. अति तिथे माती आहेच.) मी धावा म्हणत नाही हो, साडीत काय धावणार! पण हिशोब तर बघा.

आता त्या फोटोबद्दल. आमच्या भागात मध्यंतरी एका रुग्णालयाचं मोफत गुडघेदुखी शिबिर होतं. नाव सांगत नाही, सगळीकडे सारखंच चालतं. मी गेले. एका तरुणाने एक्स-रे दिव्यावर लावला आणि म्हणाला, "मावशी, ग्रेड थ्री. हाड हाडाला घासतंय, वंगण संपलंय." त्याने गुडघ्याला हात लावला नाही, कोणता दुखतो हे विचारलं नाही. दुखत होता डावा. तो फोटो उजव्याचा दाखवत होता. मी तसं म्हटलं तर उत्तर आलं, "तोही दुखेल आता."

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे, तिथल्या लोकांच्या तब्येतीचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पन्नाशीपुढच्या ज्या ७१० जणांच्या एक्स-रेत गुडघ्याचा हा आजार दिसत नव्हता, त्यांचे एमआरआय काढले. ८९ टक्के लोकांत काही ना काही बिघाड सापडला! २०१२ साली हे छापून आलं. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे ज्यांचे गुडघे दुखत नव्हते त्यांच्यातही हे प्रमाण जवळजवळ तेवढंच होतं. म्हणजे उतारवयात फोटो काढला की काहीतरी दिसणारच, जशा चेहऱ्यावर सुरकुत्या दिसतात. सुरकुत्यांना कुणी 'ग्रेड थ्री' म्हणत नाही.

आणि 'वंगण'! हा झिजेचा सख्खा भाऊ. वंगण संपलं म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप येतं : वंगणाचं इंजेक्शन घ्या. शिलाई मशीनला तेल घालतात, तसं. ऐकायला इतकं पटतं की पेन्शनर माणूस मुकाट्याने पाकीट काढतो. या इंजेक्शनांच्या १६९ चाचण्या, वीस हजारांवर रुग्ण, यांचा आढावा २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मोठ्या आणि नीट केलेल्या चाचण्यांत, नुसत्या खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत, शंभरपैकी दोन गुणांचा फरक. शंभरात दोन गुण जास्त मिळालेल्या मुलाला मी कधी हुशार म्हटलं नाही.

दुर्बिणीतून गुडघा 'धुऊन काढण्याची' कथाही ऐकण्यासारखी आहे. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांपैकी काहींचा सांधा नुसता धुतला, काहींचा खरवडून साफ केला आणि काहींना फक्त कातडीला छेद देऊन टाके घातले. आत काहीच केलं नाही! दोन वर्षं पाहिलं, तिन्ही गट सारखेच. ही गोष्ट २००२ सालची. तरी ही शस्त्रक्रिया जगभर पुढे कितीतरी वर्षं सर्रास चालली. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या मंडळाला स्पष्ट शब्दांत सांगावं लागलं की अशा गुडघ्यांसाठी ती जवळजवळ कुणालाच करू नका. त्याच वर्षी स्टेरॉइडचाही निकाल आला. १४० जणांना दोन वर्षं दर बारा आठवड्यांनी स्टेरॉइड किंवा मिठाचं पाणी टोचलं. दुखण्यात फरक नाही, उलट स्टेरॉइडवाल्यांची गादी जास्त पातळ झाली. स्वतःच्याच रक्तातून काढून टोचतात त्या पीआरपीचंही २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २८८ जणांवर पाहिलं. वर्षाअखेर मिठाच्या पाण्याइतकंच.

"मग देशी औषध घ्या," असं नणंदबाई म्हणतील म्हणून आधीच सांगते. आमच्या पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी भिगवणला खेडोपाडी घरोघर सांधेदुखीची पाहणी केली, आणि सुंठ-गुळवेल वगैरेंच्या औषधाची रीतसर चाचणीही केली. ४४० रुग्ण, २०१३ साली प्रसिद्ध. औषध ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिबच्या तोडीचं ठरलं. अभिमान वाटावा असंच काम आहे. पण काहींच्या यकृताच्या तपासणीतला आकडा वर गेला, औषध थांबवल्यावर उतरला. हे जाहिरातीत कधी येणार नाही. शिवाय ग्लुकोसामाइनची बरोबरी म्हणजे काय? २००६ मध्ये अमेरिकेत दीड हजारांवर रुग्णांच्या चाचणीत ते खोट्या गोळीच्या पुढे गेलंच नव्हतं. औषध तपासलं हे उत्तम. तपासलंय म्हणून मनाने घेऊ नका, एवढंच.

आमचा एक भाचा डॉक्टर आहे. तो म्हणतो, "मावशी, बाहेर पन्नास पेशंट बसलेले असतात. झीज म्हटलं की त्यांना पटकन कळतं." कळतं ना, पण चुकीचं कळतं! मुलांना पटकन कळतं म्हणून मी चुकीचं व्याकरण शिकवलं असतं तर मुख्याध्यापकांनी ठेवलं असतं का? 'वय झालं' हेही तसंच सोपं उत्तर. अमेरिकेत जुन्या सांगाड्यांचा अभ्यास झाला. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांत हा आजार ६ टक्के, अलीकडच्यांत १६. वय आणि वजन दोन्हींचा हिशोब वळता करूनही विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रमाण दुप्पट झालंय. पूर्वी माणसं म्हातारी होत नव्हती का?

शस्त्रक्रियेवर माझा राग नाही. २००० साली अटलजींचा गुडघा ब्रीच कँडीत डॉ. राणावतांनी बदलला तेव्हापासून ती आपल्याकडे घराघरात माहीत झाली. २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतीला चाप लावला, नेहमीच्या सांध्याची ५४,७२० रुपये अधिक कर अशी मर्यादा ठरवली, तेही बरं झालं. (लोक 'वाटी बदलली' म्हणतात, पण बदलतात ती मुख्यतः मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं. हाही शब्द चुकलाच!) डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रियेला योग्य अशा १०० जणांपैकी निम्म्यांची ती केली, निम्म्यांना आधी व्यायाम, आहार वगैरे दिलं. २०१५ चा निकाल असा की शस्त्रक्रियेने जास्त आराम पडला, गंभीर त्रासही जास्त झाले, आणि दुसऱ्या गटातल्या ५० पैकी १३ जणांनीच वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. बाकीच्यांना थांबता आलं. ज्याला रात्रभर झोप नाही, घरातल्या घरात चालता येत नाही, त्याने जरूर करावी. पण 'झिजलंय, आज ना उद्या करायचंच आहे' म्हणून नको.

व्यायामही रामबाण नाही, उगाच खोटं कशाला? शंभराहून अधिक चाचण्यांच्या २०२४ च्या आढाव्यात फायदा लहानच निघाला. पण तो गादी पातळ करत नाही, यकृताला त्रास देत नाही आणि फुकट आहे. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे २००५ पासून मोजून ठाऊक आहे.

मग म्हणायचं काय? आपला जुना 'संधिवात' काय वाईट आहे? वात म्हणजे नेमकं काय यावर वैद्यांनी खुशाल वाद घालावा, पण त्या शब्दात निदान भंगारात निघालेलं यंत्र तरी नाही.

असो. पुण्याच्या भाचेसुनेने व्यायाम विचारले होते, ते सांगते. टेकून बसायची भक्कम खुर्ची घे, भिंतीला लावून ठेव. हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. सुरुवातीला पाचदा, जमेल तसं वाढवत न्यायचं. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही दुखणं उतरलं नाही तर आकडा कमी करायचा. गुडघा लाल, गरम झाला, ताप आला किंवा एकाएकी अडकला तर मात्र खुर्ची सोडून डॉक्टर गाठ. आणि सासूबाईंना "तुम्ही बसा" म्हणणं आजपासून बंद कर, भाजी आणायला त्यांनाच पाठव.