लंगरची पंगत आणि भाड्याची खोली

मागच्या महिन्यात शनिवार-रविवार आम्ही नांदेडला गेलो होतो. फिरायला नाही, खोली बघायला. कळमनुरी तालुक्यातल्या एका मुलीला नांदेडला अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला. शासकीय वसतिगृहाच्या यादीत तिचे नाव लागले नाही, म्हणून ‘स्वाधार’चा अर्ज भरायचा आणि बाहेर खोली घ्यायची असे ठरले. ती, तिचे वडील आणि आम्ही दोघे कार्यकर्ते असे चौघे निघालो. हिंगोलीहून एसटीने दोन-अडीच तास लागतात. वारंगा फाट्यावर खिचडी खाल्ल्याशिवाय आमच्याकडचा माणूस नांदेडला पोचतच नाही, तेव्हा तीही झाली. दाभडला गाडीतूनच बावरीनगरच्या महाविहाराकडे बघून हात जोडले.

पहिल्या दिवशी कॉलेजची कागदपत्रे करण्यातच दुपार गेली. संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर थोडे बसलो आणि तिथून सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गेलो. 1708 साली याच नांदेडात गुरू गोविंदसिंगांचे निधन झाले आणि त्यांच्यानंतर ग्रंथालाच गुरू मानले गेले. त्या ग्रंथात आपल्या हिंगोलीच्या नर्सीचे म्हणून ओळखले जाणारे नामदेव आहेत, त्यांची 61 पदे आहेत. कबीर आहेत, रविदास आहेत. लंगरमध्ये डोक्याला रुमाल बांधून खाली बसलो. डाळ, भाजी, पोळी वाढणाऱ्याने आमचे गाव विचारले नाही की नाव विचारले नाही. आमच्या शेजारी एक पंजाबी म्हातारा आणि पलीकडे एक मारवाडी कुटुंब होते. त्या मुलीचे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात सालगडी राहिलेले. जेवून उठल्यावर ते एवढेच म्हणाले, "लई बरं वाटलं." आम्हालाही वाटले. ते खोटे नव्हते आणि त्याची चेष्टा करायची आमची इच्छा नाही.

रविवारी सकाळी खोल्या बघायला निघालो. चार ठिकाणी आधीच फोन करून ठेवले होते, चारही ठिकाणी "खोली आहे, या" असे उत्तर मिळाले होते. मुलीचे आडनाव ‘कर’ने संपणारे, त्यावरून काही कळत नाही. पहिल्या घरच्या काकूंनी चहा विचारला, खोली दाखवली, पाण्याची वेळ सांगितली. मग विचारले, "कोण्या गावचे तुम्ही? अन् कोणते म्हणायचे?" पोरीने सरळ सांगितले, "बौद्ध." काकू म्हणाल्या, "मालकाला विचारून सांगते." मालक आतल्या खोलीतच पेपर वाचत बसले होते. दुसऱ्या ठिकाणी तासाभरापूर्वी रिकामी असलेली खोली आम्ही जिना चढेपर्यंत भाड्याने गेली होती. तिसऱ्या ठिकाणी शाकाहारी आहात का, हा प्रश्न आला. मुलगी हो म्हणाली तरी पुढचा प्रश्न आडनावाचाच होता.

चौथ्या ठिकाणी जाताना वडील मुलीला हळूच म्हणाले, "आता नुसतं गावाचं नाव सांग, बाकी काही बोलू नको." आमच्यापैकी एकाने मान डोलावली. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या, व्याख्याने देणाऱ्या कार्यकर्त्याने मान डोलावली. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिले पाहिजे.

वडिलांना दोष देणे आम्हाला जमत नाही. 1917 साली परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांनाही पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावे लागले होते. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि पुढचे कित्येक तास ते कामाठी बागेत बसून होते. बडोद्याच्या राजाने नोकरी दिली होती, पण त्या शहराने छप्पर दिले नाही. आज आमच्या मुलीला सरकार ‘स्वाधार’चे पैसे देईल, पण ते पैसे घेऊन दार उघडणारा घरमालक कोण देणार?

लंगर आणि खोली यांतला फरक इथे आहे. पंगतीला माणूस अर्धा तास बसतो आणि उठून जातो. खोलीत तो राहतो, त्याचे पाणी, त्याचा संडास, त्याच्या घरी येणारे-जाणारे, सगळे शेजाऱ्याच्या नजरेला पडते. जात तिथे जागी होते. एप्रिल 1936 मध्ये बाबासाहेब अमृतसरच्या शीख परिषदेला गेले होते आणि त्याच वर्षी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये त्यांनी सांगितले की सहभोजनाने जात मरत नाही. आमचे काही मित्र अजूनही एकत्र जेवण्याचे फोटो टाकून समता आली असे जाहीर करतात. त्यांनी एकदा खोली शोधायला निघावे.

"यावर कायदाच नाही" असे कार्यकर्तेसुद्धा म्हणतात. ते चूक आहे. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकाने, हॉटेले, घाट येतात, भाड्याच्या खोलीचा उल्लेख नाही, हे खरे. पण नागरी हक्क संरक्षण अधिनियम 1955 च्या कलम 4 मध्ये राहण्याच्या जागेचाही समावेश आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून त्यात आडकाठी करणे हा गुन्हा आहे. आणि कलम 12 प्रमाणे पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेतूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते, उलट सिद्ध करायचे ते आरोपीने. 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणजे हे कलम आपल्याला लागू आहे. अडचण पुराव्याची आहे. "खोली गेली" एवढे म्हटले की संपले. आम्ही चारही फोन रेकॉर्ड करून ठेवले असते, आणि नकारानंतर दुसऱ्या नावाने पुन्हा फोन केला असता, तर आज हातात काहीतरी असते. आम्ही ते केले नाही. रागाच्या भरात चहाच्या टपरीवर जाऊन बसलो.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. 1925 साली, हातात काही नसताना, बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले होते. आज जिल्ह्याजिल्ह्यात जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेवर किती उडतात ते मंडळांच्या अध्यक्षांना माहीत आहे. ज्या नांदेडात नामांतरासाठी गौतम वाघमारे यांनी 1993 साली स्वतःला जाळून घेतले, त्या शहरात शिकायला आलेल्या आपल्या पोरीसाठी दहा खाटांची जागा आपण भाड्याने घेऊ शकत नाही, हे आम्हाला पटत नाही.

खोली शेवटी मिळाली. आपल्याच वस्तीत, एका बौद्ध शिक्षिकेच्या घरी. ताईंनी अनामत रक्कमही घेतली नाही. आम्हा सगळ्यांना सुटल्यासारखे वाटले आणि परतीच्या गाडीत त्याच सुटकेचा त्रास झाला. गावात आपली वस्ती वेशीबाहेर होती, शहरात येऊनही आपण आपल्याच वस्तीत येऊन पडलो. कॉलेज तिथून लांब आहे, दोन ऑटो बदलावे लागतात. मुलगी म्हणाली, "दादा, चौथ्या घरी मी जात सांगितलीच होती. तुम्ही खाली थांबला होता."

पुढच्या जूनमध्ये आम्ही पुन्हा खोल्या बघायला जाणार आहोत, या वेळी फोन रेकॉर्डिंग चालू ठेवून. हिंगोली, परभणी, नांदेडच्या ज्या मित्रांच्या घरातली मुले शहरात जाणार आहेत त्यांनी सोबत यावे. आणि ज्यांची नांदेडात स्वतःची घरे आहेत त्यांनी वरची एक खोली रिकामी आहे का ते बघावे.