कचेरी कोणाची?

पाच जूनचा जागतिक पर्यावरण दिन आला की गावोगावच्या कार्यालयांसमोर एकच दृश्य दिसू लागते. आवारात खड्डा, खड्ड्यात रोप, रोपाला हात लावून उभे असलेले साहेब, त्यांच्या मागे कर्मचारीवर्ग आणि सर्वांच्या मागे 'पर्यावरण वाचवा' असे बजावणारा दहा फुटी फ्लेक्स. छायाचित्र निघते, मंडळी आत जातात. आत माणूस नसलेल्या दालनात पंखे, दिवे आणि वातानुकूलन यंत्र सकाळपासून इमानेइतबारे चालू असतात. रोप दिवाळीपर्यंत वाळून जाते. फ्लेक्स मात्र चिरंजीव असतो.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हे अधिकच खटकते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी या गावाला जिल्ह्याचे मुख्यालय केले, त्यामागे येथील थंड हवा हे मोठे कारण होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरचे हे ठिकाण. त्या काळच्या कचेऱ्यांच्या भिंती जाड, छते उंच, वर झरोके, भोवती व्हरांडा. वैशाखात दारांना वाळ्याच्या ताट्या लागत आणि त्यांवर पाणी शिंपडले जाई. राज्यकर्ता परका होता, पण या मातीतील उन्हाशी त्याने जुळवून घेतले होते. स्वतंत्र देशाच्या अभियंत्याने मात्र सिमेंटची सपाट छते घातली, पश्चिमेच्या उन्हाला काचेच्या खिडक्या दिल्या आणि त्यातून निर्माण होणारी भट्टी थंड करण्यासाठी विजेची यंत्रे बसवली. घाटाखालच्या मलकापूर-शेगाव-खामगावचा उन्हाळा कोणी सोसावा, असे म्हणणे नाही. परंतु घाटावरही तीच इमारत, तोच नकाशा, तेच यंत्र! याला नियोजन म्हणायचे की नक्कल?

या रोगावर हल्ली 'ग्रीन बिल्डिंग' नावाचे औषध सांगितले जाते. २००४ साली हैदराबाद येथे उद्योग महासंघाच्या केंद्राची वास्तू उभी राहिली आणि अमेरिकेच्या हरित मानांकनातील सर्वोच्च श्रेणी तिला मिळाली. त्या वास्तूने पुष्कळ शिकवले, हे नाकारण्याचे कारण नाही. पुढे 'गृह' हे भारतीय मानांकनही आले. प्रश्न असा की देऊळगाव राजा किंवा संग्रामपूरच्या कार्यालयाला मानांकनाचा फलक कोण लावणार, आणि लावलाच तरी त्या फलकाखाली बसणारा माणूस पंख्याचे बटण बंद करणार आहे का?

खरी मेख येथेच आहे. जो लिपिक, जो बँक कर्मचारी घरी रिकाम्या खोलीतील दिवा दिसताच मुलांवर ओरडतो, तोच कार्यालयात साडेनऊला लावलेला दिवा संध्याकाळी विझवायला विसरतो. घरी पाठकोऱ्या कागदांची वही शिवणारा गृहस्थ कार्यालयात एका ओळीच्या टिपणीसाठी अख्खा कागद खर्ची घालतो. ई-ऑफिस आले तरी कागद छापून घ्यायचा आणि मग तोच स्कॅन करायचा, ही कसरत अनेक ठिकाणी सुरूच आहे. बंद पडलेले संगणक निर्लेखनाच्या प्रस्तावाची वाट पाहत जिन्याखाली धूळ खातात, कारण जडवस्तू नोंदवहीत ते अद्याप जिवंत असतात! माणूस वाईट नाही. कचेरी त्याला आपली वाटत नाही. 'सरकारी' म्हणजे कोणाचेच नाही, हा परकीय अमलातला संस्कार सात दशके उलटली तरी गेलेला नाही.

आपलेपणा असला म्हणजे काय होते, हे पाहायला बुलढाणेकरांना दूर जावे लागत नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात लाखोंची गर्दी होते आणि परिसर लखलखीत राहतो. तेथे हजारो सेवाधारी पाळीपाळीने, एक पैसाही न घेता राबतात. २०२१ साली दिवंगत झालेले शिवशंकरभाऊ पाटील यांनी तेथील कारभाराला जी शिस्त लावली, ती दंडाच्या धाकावर उभी नव्हती. संस्था आपली आहे, या भावनेवर उभी होती. कार्यालय म्हणजे देवस्थान नव्हे, हा आक्षेप येईल. मान्य. मग जपान घ्यावा. २००५ च्या उन्हाळ्यात तेथील सरकारने कार्यालयांतील तापमान २८ अंशांवर ठेवण्याचे आवाहन केले, आणि टाय-कोटाला जखडलेल्या त्या देशात मंत्र्यांपासून कर्मचाऱ्यांपर्यंत कोट उतरले. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली सांगितले की, यंत्राचे तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून नवी यंत्रे २४ अंशांवर सुरू होतील अशीच तयार करण्याचे बंधन आले. यंत्र २४ वर सुरू होते खरे, पण रिमोट साहेबांच्या हाती असतो. पाश्चात्यांच्या चंगळवादावर व्याख्याने ऐकणाऱ्या आणि देणाऱ्यांच्याही दालनात तो कितीवर असतो, हे एकदा तपासावे.

विजेहून मोठा अपराध पाण्याचा आहे. जिल्ह्यात सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एखाद्या कार्यालयाचे छत हजार चौरस मीटरचे धरले आणि वीस टक्के पाणी वाया गेले असे मानले, तरी एका पावसाळ्यात सहा लाख लिटर पाणी मिळते. दहा हजार लिटरचे साठ टँकर! हे पाणी गटारात जाते. आणि त्याच छताखाली एप्रिल-मे महिन्यांत टंचाई आराखड्याच्या बैठका होतात, बंद बाटल्यांतील पाणी पीत होतात. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीतून पाण्याची बाटली निसटली, तिने या बैठकांतील टेबल अजून सोडलेले नाही. तांब्या-पेला ठेवण्यात कोणाची प्रतिष्ठा कमी होते, हे कळण्यास मार्ग नाही.

याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे माहेर. तेथील मोती तलाव जाधवांच्या राजवटीची साक्ष देत आजही उभा आहे. पाणी साठवणे हे राजाचे कर्तव्य मानणाऱ्यांचा वारसा सांगायचा आणि स्वतःच्या छतावरचे पाणी नालीत सोडायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. बुलढाणा पॅटर्न म्हणून जे काम देशभर गाजले, त्यात महामार्गासाठी लागणारे मुरूम-माती तलाव व नाले खोल करून काढली गेली. रस्ताही झाला, पाणीही साठले. हे ज्या जिल्ह्याला सुचले, त्याला छताला पन्हळ लावणे अवघड वाटावे?

काही जण म्हणतील, कार्यालयांचा वाटा तो केवढा, प्रदूषण तर कारखाने करतात. पण शेतकऱ्याला ठिबक बसवण्याचा आणि गृहिणीला वीज वाचवण्याचा उपदेश याच कार्यालयांतून निघतो. उपदेश करणाऱ्याचे बिल कोणी पाहिले आहे का? प्रत्येक कार्यालयाने दरमहा आपल्या वीज आणि पाण्याच्या वापराचे आकडे दर्शनी फलकावर, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या आकड्यांशेजारी लिहावेत. त्याला ना निधी लागतो, ना शासननिर्णय. पतसंस्था, शाळा, आणि राष्ट्रकार्याचे नाव घेणाऱ्या संस्थांच्या कार्यालयांनीही त्यात मागे राहू नये.

निधी नाही, ही सबब मार्च महिन्यात तरी चालत नाही. मार्चअखेर उरलेला पैसा संपवण्यासाठी खुर्च्या, पडदे आणि वातानुकूलन यंत्रांच्या खरेदीची घाई उडते, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक आहे. येत्या मार्चमध्ये त्या यादीवर सही होण्यापूर्वी छताच्या पन्हळी, गाळणीची टाकी आणि शोषखड्डा यांचे अंदाजपत्रक साहेबांच्या टेबलावर कोण ठेवतो, ते पाहायचे आहे.