वीस-एकोणीसचा तो पॉइंट

मागच्या महिन्यात आमच्या हातून एक अन्याय झाला. भाची सुट्टीत राहायला आली होती. सोसायटीच्या आवारात बॅडमिंटनचे कोर्ट आखलेले आहे. एका बाजूला आमचे दोन्ही मुलगे, दुसऱ्या बाजूला भाची आणि आमची धाकटी मुलगी. आम्ही चहाचा कप घेऊन खुर्चीवर, म्हणजे पंच. गुण २०-१९, मुलांची सर्व्हिस. फूल उंच आले आणि मागच्या दोन रेषांच्या मधल्या पट्टीत पडले. भाचीने ते मुद्दाम सोडले होते. ती म्हणाली, "मामू, आऊट." मुले ओरडली, "इन!" आम्ही निकाल दिला, इन. गेम संपला. तिने वाद घातला नाही, रॅकेट भिंतीला टेकवली आणि घरात निघून गेली.

रात्री नियम वाचले, तेव्हा कळले की तिचेच बरोबर होते.

ज्यांच्या घरी असेच भांडण होते त्यांच्यासाठी कोर्टाची रचना सांगतो. अख्खे कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. मधोमध जाळी, मध्यभागी ५ फूट उंच, खांबांपाशी एक इंच जास्त. जाळीपासून साडेसहा फुटांवर सर्व्हिसची पुढची रेषा. सर्व्हिस तिच्यापलीकडे पडली पाहिजे. एकेरीत दोन्ही कडांच्या दीड-दीड फुटाच्या पट्ट्या बाद, म्हणजे रुंदी १७ फूट उरते. दुहेरीत त्या पट्ट्या खेळात असतात, पण सर्व्हिसपुरती मागची अडीच फुटांची पट्टी बाद. एकेरीतील सर्व्हिसचा चौकोन लांब आणि अरुंद, दुहेरीतील आखूड आणि रुंद, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. सर्व्हिस परतवली की मागची पट्टी पुन्हा खेळात येते. आमचा घोळ इथेच झाला. त्याच पट्टीत रॅलीमध्ये पडलेले फूल आम्ही तासभर 'इन' देत होतो. आणि हो, रेषेला टेकलेले फूल नेहमी आतच.

सर्व्हिस तिरकी, समोरच्या कर्णातल्या चौकोनात करायची. आपले गुण सम असतील तर उजवीकडून, विषम असतील तर डावीकडून. जाळीला घासून योग्य चौकोनात पडलेली सर्व्हिस चालते. टेबल टेनिसची सवय असलेले इथे हटकून भांडतात. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत सर्व्हिस करताना फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खालीच असावे लागते. घरी कमरेखालून मारा म्हणजे झाले. गेम २१ गुणांचा, तीनपैकी दोन जिंकायचे. २०-२० झाले तर दोन गुणांची आघाडी हवी. २९-२९ झाले तर पुढचा एकच गुण निकाल लावतो.

आता फटके. आधी पकड: मुसाफा करताना हात पुढे करतो, तसाच तो रॅकेटच्या मुठीला द्यायचा, घट्ट आवळायचा नाही. मुलांना स्मॅशचे वेड असते. डोक्यावरून खाली जोरात मारलेला फटका दिसायला छान, पण तो मारून तोल गेला की पुढचे फूल सुटते. नवख्याने आधी टॉस शिकावा, म्हणजे फूल उंच उडवून समोरच्याच्या मागच्या रेषेपर्यंत पाठवायचे. त्यामुळे तो मागे जातो आणि आपल्याला सावरायला वेळ मिळतो. मग ड्रॉप: हात स्मॅशसारखाच वर, पण शेवटी मनगट हलके, आणि फूल जाळीपलीकडे टपकन पडते. जाळीजवळून वर उचलला तो लिफ्ट, छातीच्या उंचीवरून सपाट मारला तो ड्राइव्ह. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलंगोर स्पर्धा जिंकले. परदेशात आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. ही नावे मुलांना सांगत जावीत. सय्यद मोदी यांचेही सांगावे, १९८० ते १९८७ सलग आठ वर्षे ते राष्ट्रीय विजेते होते.

उघड्यावर पिसांचे फूल वाऱ्याने भरकटते आणि लवकर फाटते, नायलॉनचे परवडते.

सकाळी नाश्त्याला सगळ्यांसमोर भाचीला म्हटले, "बेटा, काल मामूचे चुकले. आऊटच होते." तिने विचारले, "मग गुण?" थोरला म्हणाला, "झाला ना गेम आता." बेगमने त्याच्याकडे नुसते पाहिले. तो पॉइंट मुलींचा धरला आणि संध्याकाळी गेम २०-२० पासून पुढे सुरू झाला.

मुली २१-२३ ने हरल्या. भाची घामाघूम होती. "मामू, अजून एक गेम," ती म्हणाली, "आणि तुम्ही खुर्ची मागच्या रेषेपाशी लावा."