कोरणाऱ्याचें नांव

आमच्या शेवगांवाहून समुद्र फार दूर; तरी समुद्राच्या वस्तु येथें घरोघर आहेत. देवघरांतला शंख, देवीच्या भक्तांच्या गळ्यांतील कवड्यांची माळ, सहलीहून मुलांनीं खिसे भरून आणलेले शिंपले. त्यांवर कोणाच्या हातचें काम झालें, हें मात्र आपण क्वचितच विचारतों.

एकोणिसाव्या शतकांत समुद्रप्रवासाची आठवण म्हणून कोरीव शंख-शिंपले घरीं ठेवण्याची युरोपांत मोठी हौस होती. त्या काळीं सी. एच. वुड नांवाच्या इंग्रज कारागिरानें नॉटिलस ह्या सागरी प्राण्याच्या पांढऱ्या कवचावर, खिशांतल्या साध्या चाकूनें, ‘ग्रेट ईस्टर्न’ ह्या आगबोटीचें चित्र कोरलें. ब्रुनेल ह्या इंजिनीयरानें योजिलेली ही बोट ६९२ फूट लांब असून १८५८ सालीं ती पाण्यांत लोटली गेली. ती आपणांस अगदींच परकी नव्हे. १८७० सालीं ती मुंबई बंदरांत आली होती, आणि मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशीं तारायंत्राची तार तिनेंच टाकली! पुढें १८८९-९० च्या सुमारास ती मोडींत निघाली. एवढी लोखंडी बोट गेली, नाजूक कवच राहिलें. आणि त्यावर वुडनें आपलें नांव कोरल्यामुळें तोही राहिला.

सर्वांचें भाग्य असें नसतें. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावरून खलाशी लोक आपल्या प्रियजनांसाठीं शिंपल्यांच्या नक्षीच्या अष्टकोनी पेट्या नेत. त्या खलाशांनींच बोटीवर फावल्या वेळीं केल्या, अशी पुष्कळ वर्षें समजूत होती. मागाहून उमगलें कीं, त्यांतील बऱ्याचशा ब्रिजटाउनच्या दुकानांत विकत मिळत. म्हणजे श्रम एकाचे आणि कौतुक गिऱ्हाइकाचें!

कोणी म्हणेल, आठवणीची वस्तु ती; तिला कारागिराचें नांव कशाला? आम्हांस हें पटत नाहीं. आजही किनाऱ्यावरील कांहीं बाजारांत शिंपल्यावर नांव कोरून मिळतें. पण तें घेणाऱ्याचें, कोरणाऱ्याचें नव्हे. किंमत थोडी कमी करण्यासाठीं आपण त्याच्याशीं घासाघीस करतों, मात्र त्याचें नांव-गांव विचारीत नाहीं.

यंदा ज्या मुलांची सहल कोंकणांत जाईल त्यांनीं तें विचारावें, चिठ्ठीवर लिहावें व चिठ्ठी शंखांतच ठेवावी. आंत जागा मोकळीच असते.