मोरे कुणाचे?



परवा वस्तीतल्या अभ्यासवर्गात आर. बी. मोरे यांचं नाव काढलं. एक पोरगा ताडकन बोलला, "काहून बे, तो तर कम्युनिस्ट!" झालं. एका शब्दात माणूस निकालात.

आता ऐका. जन्म १९०३, महाड तालुका, महाराचं घर. महाडच्या इंग्रजी शाळेनं अस्पृश्य म्हणून दार लावलं, तेव्हा या पोरानं वर्तमानपत्रात लिहून ते उघडायला लावलं. महाडला परिषद भरावी म्हणून बाबासाहेबांच्या मागे लागणारा हाच. दर २० मार्चला तुम्ही चवदार तळं आठवता. तिथवरची वाट कुणी बांधली, ते विसरता.

१९३० साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले. बाबासाहेबांवरची निष्ठा मात्र सोडली नाही. गद्दारी म्हणता? मग मुंबईच्या गिरण्या बघा. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. सवर्ण कामगार म्हणे, महाराचं उष्टं चालणार नाही. जास्त पगाराचं साचाखातं आपल्याला बंद! हा प्रश्न जातीचा की पोटाचा? सांगा.

१९३८ साली मनमाडला बाबासाहेबांनीच दोन शत्रू दाखवले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा एका संपात उतरले. आणि आपल्या कामठीचे बाबू हरदास? 'जय भीम' देणारा तो माणूस विडी कामगारांचा संघटक होता.

कॉम्रेडांनाही सोडत नाही. जातीच्या प्रश्नावर मोऱ्यांनी पक्षापुढे टिपणं ठेवली. त्यांचं चीज झालं नाही. क्रांती झाली की जात आपोआप जाईल, म्हणे! अहो, गिरण्या गेल्या, जात राहिली. एम्प्रेस मिल २००२ ला बंद झाली, त्या जागी मॉल आला. तिथली फरशी पुसणारी बाई कुठल्या वस्तीतून येते, बघून या.

११ मे १९७२ ला मोरे गेले. त्याच वर्षी पँथर जन्मला, आणि १९७४ ला 'बुद्ध की मार्क्स' करत फुटला. बाबासाहेबांनी मार्क्स वाचला, तोलला, मग बुद्ध निवडला. आपण न वाचताच शिवी देतो. ही निष्ठा नव्हे, आळस आहे.

मोऱ्यांशी भांडा, खुशाल भांडा. पण आधी वाचा. आणि पुढच्या वर्गाला ठेकेदाराकडे राबणाऱ्या आपल्या माणसांना बोलवा. पगाराचा हिशेब मांडा, जात विचारा.

मोरे कुणाचे, ते तिथंच कळेल.

जय भीम.