कावळा, फांदी आणि तर्काचा तास

वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य होय, असे 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने ठरविले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही चिकित्सक विचाराचा पुरस्कार केला. तथापि आपल्या राज्यात तर्कशास्त्र हा विषय अकरावी-बारावीला, आणि तोही ऐच्छिक, असतो. तेथवर न पोहोचणाऱ्या मुलाने विचार पारखण्याची रीत कोठे शिकावी?

सातपुड्याच्या पायथ्याशी पुरुषोत्तमनगरात राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात स्त्रीला डाकीण ठरवून तिचा छळ केल्याचे प्रकार घडलेले आहेत. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा कृत्यांना शिक्षा सांगितली, हे योग्यच झाले. परंतु 'ती येऊन गेली आणि मूल दगावले' या अनुमानाला शिक्षा करता येत नाही. ते खोडूनच काढावे लागते आणि त्याची जागा वर्ग हीच आहे.

यासाठी व्याख्यांचे पाठांतर नको. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, ही म्हण प्रत्येक मुलाला ठाऊक असते. फळ्यावर चार घरे आखावीत : कावळा बसला व फांदी मोडली, बसला पण मोडली नाही, बसला नाही तरी मोडली, बसलाही नाही आणि मोडलीही नाही. आपले लक्ष पहिल्याच घरावर खिळते, हे मुलांच्या ध्यानी येईल. मग डाकिणीचा आरोप याच चार घरांत मांडावा. ती गेली त्या घरांतील किती मुले सुखरूप आहेत? ती गेलीच नाही तेथेही किती दगावली? कुपोषण, ताप, दूरचे आरोग्य केंद्र या कारणांचा शोध कोणी घेतला? चर्चा भिली, पावरी वा अहिराणीत होऊ द्यावी. परक्या भाषेत मूल शंका विचारत नाही.

दुसरा धडा उसाचा. 'त्या कारखान्याने टनाला अधिक भाव दिला, म्हणून तो अधिक प्रामाणिक' हे विधान साखर कारखान्याच्या परिसरातील मुलांपुढे ठेवावे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने ठरविलेला रास्त व किफायतशीर दर 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये असून, त्यापुढे उताऱ्यातील प्रत्येक 0.1 टक्क्याला 34.60 रुपये वाढतात. म्हणजे उतारा एका टक्क्याने अधिक असला, की 346 रुपयांचा फरक नियमानेच पडतो. शिवाय त्यातून तोडणी-वाहतूक किती वजा होते, हेही पाहावे लागते. निष्कर्ष कदाचित खराही असेल; परंतु केवळ भावावरून तो निघत नाही, एवढे कळले तरी तास सार्थकी लागला.

अभ्यासक्रम संपत नाही, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पंधरवड्यातून एक तास मात्र अशक्य नाही. खरी अडचण वेगळीच आहे. 'कशावरून?' असे विचारायला शिकलेले मूल उद्या शिक्षकाला, वडीलधाऱ्यांना आणि पुढाऱ्यांनाही तेच विचारील. ते ऐकून घेण्याची आपली तयारी हवी. कारण गावाने एखादीला डाकीण म्हणून घेरले असता 'कशावरून?' असे विचारणारा एक आवाजही तिचा जीव वाचवू शकतो.